जवळचा दवाखाना लांब का पडतो

खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)

प्रिय शुभा,

घराजवळ दवाखाने असताना सीमाभागातली माणसं कोल्हापूरला का येतात, असं तू विचारलंस. राग त्या माणसांवर धरू नकोस गं.

आमच्या तालुक्यातलं आमगाव भीमगड अभयारण्याच्या पोटात आहे. पावसानं जोर धरला की तिथं गाडी जात नाही, आजाऱ्याला खांद्यावरून आणावं लागतं. १०८ ला फोन लावायचा तर आधी रेंज हवी. आता सरकार जंगलातल्या कुटुंबांना १५ लाख देऊन बाहेर यायला सांगतंय. ज्याला जायचंय त्यानं जावं, पण मागं राहणाऱ्या बाळंतिणीचा जीव काही हलका नाही.

बरं, रस्ता असला तरी पुढं कागद आहेत. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. फार चांगली योजना आहे. पण खासगी दवाखान्यात तिचा लाभ घ्यायचा तर, तातडीची केस सोडली, सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. हे न कळून थेट गेलेला माणूस म्हैस विकून बिल भरतो. सांगणारं असतं कोण? बोर्ड कन्नडमध्ये, फॉर्म कन्नडमध्ये.

आमच्या गल्लीतल्या मावशींना शुगरच्या गोळ्या दिल्या. सिस्टर विजापूरकडची, मायाळू पोर, तिनं दोनदा समजावलं, पण कन्नडमधून. मावशींनी मान डोलावली आणि घरी येऊन सकाळ-रात्रीच्या गोळ्या एकदमच घेतल्या. चक्कर येऊन पडल्या. सगळ्यांना सारखंच औषध दिलं म्हणजे न्याय झाला, हे मला म्हणूनच पटत नाही. ज्याला कळायला जास्त कष्ट पडतात, त्याच्यासाठी दवाखान्यानं जास्त वेळ द्यायला हवा.

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपली मोफत उपचारांची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तर कर्नाटकानं हरकत घेतली. आजाऱ्याच्या उशाशी बसून हद्दीचा वाद घालू नये, दोन्हीकडच्यांनी.

ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं ठरलेलं आहे. आमची मागणी तेवढीच आहे: गोळ्यांची पाकिटं, बाळंतपणाची माहिती आणि संमतीचा कागद कन्नडबरोबर मराठीतही हवा. आशाताई तयार आहेत, ती सिस्टरसुद्धा कन्नड बाजू लिहून देणार आहे.

तुमच्या वॉर्डात घरी जाताना पेशंटला देता ते शुगर-बीपीचे मराठी कागद मला पाठव. गोळीच्या वेळेला सूर्य-चंद्राची चित्रं असलेले असतील तर तेच आधी. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी सोमवारी भेटायला बोलावलंय, त्याआधी पोचू देत.

तुझी,
मीरा