डिचोलीहून पत्र

डिचोली, गोवा

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आजीला सांगा, तिच्या ‘परदेशातून’ पत्र आलंय. १९६१ पर्यंत इकडे पोर्तुगिजांचं राज्य होतं ना, पत्रादेवीची ती हद्द तिच्या डोक्यातून अजून जात नाही.

आई, तू तिसरीच्या वर्गाचं विचारलंस. घरी कोंकणी, शाळेत मराठी, दोघातिघांकडे कन्नड. त्यात एका मुलाला वाचनाचा त्रास आहे. तोंडी गोष्ट काय रंगवून सांगतो! पण पुस्तक उघडलं की घ चा ध, भ चा म. पहिली वेलांटी तर त्याला छळतेच. उच्चार अक्षरानंतर आणि कागदावर मात्र आधी. मग ‘आधी क, मग मागे वेलांटी’ असं पुटपुटत लिहायला लावते. जमू लागलंय.

वाचताना एकच ओळ दिसावी म्हणून पुठ्ठ्याला खिडकी कापली. त्याला एकट्याला दिली असती तर दुसऱ्या दिवशी पोरांनी त्याचं नाव ‘खिडकी’ पाडलं असतं. म्हणून सगळ्यांनाच दिली. नको होती त्यांनी लवकरच टाकून दिली. काहींच्या दप्तरात अजून आहे, त्यात वर्गातली सगळ्यात हुशार पोरगीही!

एकीला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तिच्यासाठी फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद केलं, तर मागच्या बाकांचा गोंगाटही उतरला.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, ‘मग बाकीच्यांवर अन्याय नाही का?’ अहो, धडा सगळ्यांना तोच. कोणी उत्तर लिहितं, कोणी तोंडी सांगतं. धडा कळला का ते बघताना शुद्धलेखन कशाला मध्ये आणू? त्याचा तास वेगळा घेतेच की.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही, म्हणजे वाचन-लेखनातली अशी अडचणही, आहे. प्रमाणपत्र असलं की पुढे परीक्षेत जादा वेळ मिळतो. पण तपासणीचं नाव काढलं की पालक बिथरतात. ‘आमचो भुरगो पिसो न्हय!’ म्हणजे आमचं पोर वेडं नाही. पिसो नाहीच हो, पण हे पटवताना माझी कोंकणी तोकडी पडते. मग शाळेतल्या मावशींना मध्ये घालते. माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

बाबा, जुन्या लग्नपत्रिका रद्दीत घालू नका. जाड बघून खिडक्या कापा, एका ओळीपुरत्या, आणि इकडे येणाऱ्या कुणाकडे तरी द्या. कडा घासून द्या, पोरांची बोटं कापतात.

आपली,
वैजू