परतीचे दोर कोणी कापायचे?

संपादक महोदय, स. न.

निवडणूक जवळ आली की 'पक्षाने अमक्याचे परतीचे दोर कापले' असा मथळा आपल्या अंकात हमखास दिसतो. मी तरुणपणापासून सह्याद्रीत दोर लावून चढणारा आणि पुढे मुलांना चढायला शिकवणारा माणूस. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो असा, की दोर कापणारा उभा कुठे आहे? कड्याच्या वर की खाली?

पुरंदरच्या तहात (1665) मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत कोंढाणा होता. तो परत घ्यायला तानाजी मालुसरे 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री डोणागिरीचा कडा चढून गेले. (घोरपडीचे राहू द्या, त्यावर भांडायला दुसरी माणसे आहेत.) मोगलांचा किल्लेदार उदेभान राठोड याच्याशी झुंजताना तानाजी पडले आणि मावळे आल्या वाटेने दोरांकडे पळत सुटले. तेव्हा तानाजींचा भाऊ सूर्याजी आडवा आला. दोर त्याने कापले, असे आपण चौथीच्या इतिहासात शिकलो. कोणी ते काम शेलारमामांचे म्हणून सांगतात.

कापणारा कोणीही असो, तो स्वतः वरच होता. गड हाती आला नसता तर इतरांबरोबर तोही मेला असता. खाली सुरक्षित उभे राहून कोणी दोर कापले असते, तर त्याला आपण दगा म्हटले असते!

आता माघार नाही असे सांगायचे झाले की आपले स्तंभलेखक रुबिकॉनची आठवण काढतात. सीझरने इ.स.पू. 49 मध्ये ती नदी ओलांडली, कोर्तेझने 1519 मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आपली जहाजे निकामी केली. दोघेही सेनापती, आणि दोघांनीही पुढची चाल आधी ठरवलेली. कोंढाण्यावर सेनापती पडलेला, पळापळ सुरू झालेली, आणि निर्णय घ्यायची पाळी दुसऱ्या फळीतल्या माणसावर आलेली. मला हा प्रसंग त्या दोन्हींहून अवघड वाटतो.

दोर खरेच कापले का, हा प्रश्न उरतोच. सभासद बखरीत सूर्याजीने धीर करून लोक सावरले आणि गड घेतला, एवढेच येते. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1826 मध्ये लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात सूर्याजी 'दोर आता उरले नाहीत' असे मावळ्यांना सांगतो. माझा कल या सांगण्याकडे आहे. ताणलेला दोर तलवारीने तुटतो, त्यात नवल नाही. पण अंधारात, मागे शत्रू असताना, कड्याच्या टोकाशी जाऊन खात्री कोण करत बसणार? आणि दोराशिवाय उतरणे हे चढण्याहून कठीण असते, कारण पाय कुठे टेकवायचा ते उतरताना दिसत नाही. मावळ्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नुसत्या शब्दांवर माणसे पुन्हा लढाईकडे वळली असतील.

तेव्हा उपसंपादकांना एवढीच विनंती : पक्ष ज्याला परत घेत नाही, त्याच्यासाठी 'परतीचे दरवाजे बंद' असे लिहावे. दरवाजा आतला माणूस लावतो, आणि सोयीचे झाले की तोच उघडतो. पुढच्या निवडणुकीत आपल्याला आणखी एक मथळाही मिळेल.

— एक वाचक, धायरी, पुणे