बुधवार आणि रविवार फुकट

डर्बी,
१२ ऑक्टोबर

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. तुमच्या नगरपालिकेनं बागेला तिकीट लावायचं ठरवलंय, सकाळी फिरायला येणाऱ्यांना महिन्याचा पास, आणि सह्यांचा कागद घेऊन तू घरोघर हिंडतेयस, हे वाचून मला हसूच आलं. शाळेत फळा कुणी पुसायचा यावरूनही तूच भांडायचीस. "तिकडे बागा फुकट असतात ना गं? तसं लिहून पाठव, इथे सभेत दाखवते," असं तू म्हणतेस. लिहिते, पण तुला हवं तसं सरळ उत्तर निघणार नाही. इंग्लंडमध्ये सगळ्या लोकांसाठी म्हणून मुद्दाम आखलेली पहिली बाग जिला म्हणतात, ती माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. आणि तिलासुद्धा ४२ वर्षं तिकीट होतं!

तिचं नाव आर्बोरेटम, म्हणजे झाडांची बाग. मी तिथे पहिल्यांदा गेले ती काही इतिहास बघायला नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात मी इथे नर्स म्हणून आले, ते तुला आठवतच असेल. मिरज स्टेशनवर तू रडली होतीस आणि मी नव्हते रडले, याचा राग तू दोन वर्षं धरलास. इथे एका बाईंकडे भाड्याची खोली मिळाली. फोडणी करायची नाही, वास पडद्यांना लागतो, हा पहिला नियम. गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकलं तर खोली गरम, संपलं की गार. त्यात रात्रपाळी. सकाळी आठला परत यावं, तर बाईंची साफसफाई सुरू आणि माझी झोप गेलेली. मग कोट चढवून बाहेर पडायचं. एकदा अशीच चालत चालत मोठ्या दगडी कमानीतून आत शिरले आणि बाकावर बसून राहिले. तासभर. कुणी विचारलं नाही, तू कोण, इथे कशाला. विमानतळापासून तोवर मी सगळीकडे कागदच दाखवत आले होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक म्हातारी शेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, "ए अप, मी डक!" मला वाटलं, ही मला बदक का म्हणतेय? साडीवर कोट, खाली बूट, मान आखडून बसलेली, दिसतही असेन तशी. नंतर कळलं, डर्बीकडे सगळ्यांनाच मायेनं 'डक' म्हणतात, बस कंडक्टरपासून डॉक्टरपर्यंत. आता मीही म्हणते. माझ्या नातवाला त्याची लाज वाटते.

आणि मग ती गंमत, जी मी तुला तेव्हा लिहिली नाही, कारण आईला कळलं असतं. बागेत हॉर्स चेस्टनटची झाडं आहेत. ऑक्टोबरात त्यांची काटेरी बोंडं फुटून खाली तांबूस-काळी, तेल लावल्यासारखी चकचकीत बी पडते. तिला इथे कॉन्कर म्हणतात. पोरं त्याला भोक पाडून दोऱ्यात ओवतात आणि एकमेकांच्या कॉन्करवर आपटतात, ज्याचा फुटला तो हरला. माझ्या मनात मात्र पहिल्यांदा आला तो रिठा. हुबेहूब नाही, रिठ्याहून मोठी, पण हातात घेतल्यावर तेच वाटलं. खोलीवर नेऊन दोन ठेचल्या, कोमट पाण्यात टाकल्या आणि चमच्यानं ढवळलं, तर काय, फेस! मी एकटीच मोठ्यानं हसले. आईनं दिलेली मोतिया रंगाची रेशमी नारायणपेठ तशीच पडून होती, साबण लावायची हिंमत होत नव्हती. ती त्या पाण्यात बुडवली. टरफल काढायचं असतं हे कुणाला माहीत! साल पाण्यात उतरली आणि पदराच्या टोकाला चहाच्या रंगाचा डाग बसला. तो अजून आहे. पुढल्या वर्षी सोलून, आतला पांढरा गर किसून घेतला, तर साडी अशी मऊ निघाली की बघत राहावं. निवृत्तीनंतर झाडांच्या एका वर्गाला जात होते, तिथे शिक्षक म्हणाले की हॉर्स चेस्टनट आणि रिठा आता एकाच कुळात धरतात. मी वर्गात हात वर करून सांगितलं, हे मला १९७३ पासून माहीत आहे.

रेशीम मी धुतलं तेही योग्य गावात. डेरवेंट नदीवर १७२१ साली लोंब भावांची रेशमाची गिरणी उभी राहिली. पाण्याच्या चाकावर चालणारी, इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या कारखान्यांतली एक. यंत्रांची युक्ती धाकट्या जॉन लोंबनं इटलीतून उचलून आणली. तो लवकर वारला, तर इटलीवाल्यांनी विषप्रयोग केला असं इथली माणसं अजून रंगवून सांगतात. गिरणीच्या जागी आता म्युझियम आहे. रेशमामागून कापूस आला आणि कापसात पैसा केला स्ट्रट घराण्यानं. जेडेडाया स्ट्रट हा पाण्यावर चालणारं सूतकताईचं यंत्र आणणाऱ्या आर्कराइटचा भागीदार. १७७४ मध्ये त्यानं पार्लमेंटकडून विलायती सुती कापडावरचे निर्बंध सैल करून घेतले. आपल्याकडच्या छिटांना अडवायला केलेले कायदे त्यांच्याच कापडाच्या आड येत होते ना! पुढे त्याच गिरण्यांच्या कापडानं आपल्या विणकरांचं काय केलं, ते तुला सांगायला नको. आणि त्या गिरण्यांत कापूस यायचा त्यातला पुष्कळसा गुलामांच्या हातांनी वेचलेला. बागेच्या बाकावर बसताना हे माझ्या मनात येतं. तरी बसते.

जेडेडायाचा मुलगा जोसेफ. गावचा मेयरही होता. उतारवयात त्याला वाटलं की आपली संपत्ती ज्यांच्या श्रमावर उभी राहिली त्यांना काहीतरी परत द्यावं. गिरण्या, कोळशाचा धूर, दाटीची घरं, आणि फिरायला जागा नाही, असं तेव्हाचं डर्बी. त्यानं ११ एकर जमीन दिली, सुमारे १०,००० पौंड खर्चले आणि आखणीचं काम दिलं जॉन लाउडनला. हा मला स्ट्रटपेक्षा जास्त आवडतो. स्कॉटलंडचा माणूस, उजवा हात कापावा लागलेला, झाडांवरच्या एका आठ खंडी ग्रंथापायी कर्जात बुडालेला. तो तोंडानं सांगे आणि बायको जेन लिहून घेई. ती स्वतःही बागकामावर लिहायची, पण त्याविषयी पुन्हा कधीतरी.

सपाट, अरुंद जमिनीत लाउडननं काय केलं, तर वाटांच्या मधे मातीचे लांब वळणदार उंचवटे घातले, पुरुषभर उंचीचे. पलीकडच्या वाटेनं चाललेली माणसं दिसत नाहीत आणि छोटी बाग मोठी वाटते. फुलांचे वाफे जवळजवळ नाहीतच. हजारावर जातींची झाडं, शक्यतो प्रत्येक जातीचं एक, बुंध्याशी मातीचा छोटा उंचवटा, म्हणजे मुळांचा वरचा फुगवटा दिसावा. आणि प्रत्येकाला नावाची पाटी. गिरणीतल्या माणसानं चालता चालता शिकावं, हा हेतू. तुला वाटेल बाग कसली, शाळाच ती! गावाच्या धुरानं मात्र त्यातली पुष्कळ झाडं वीसेक वर्षांतच मान टाकू लागली.

१६ सप्टेंबर १८४० ला बाग उघडली, तीन दिवस उत्सव झाला. आता तुझा मुद्दा. स्ट्रटनं बाग दिली, पण देखभालीसाठी ठेव दिली नाही. मग माळ्याचा पगार कुठून काढायचा? म्हणून ठरलं, आठवड्यातले दोन दिवस फुकट, बुधवार आणि रविवार. रविवारीही सकाळी चर्चच्या वेळात फाटक बंद. बाकी पाच दिवस तिकीट, नाहीतर वर्षाची वर्गणी. म्हणजे गिरणी कामगारांना मोकळा असे तो रविवार, आणि त्यातही अर्धा. ज्यांच्यासाठी बाग, ते गर्दीत, आणि पैसेवाल्यांना पाच दिवस निवांत. तिकीट उठलं १८८२ मध्ये. मधल्या काळात, १८४७ ला, लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेड गावात लोकांच्या पैशातून बांधलेली फुकट बाग उघडली होती, त्यामुळे तिथले लोक म्हणतात पहिली खरी सार्वजनिक बाग आमचीच. डर्बीत हे बोलू नये.

त्या म्हातारीनं मला एका डुकराची गोष्टही सांगितली होती. फ्लॉरेन्समधल्या प्रसिद्ध रानडुकराच्या पुतळ्याची प्रतिकृती बागेत होती, तिच्या पाठीवर बसून लहानपण गेलेलं. १९४१ च्या जानेवारीत बॉम्ब पडला, बँडस्टँड उद्ध्वस्त झाला आणि डुकराचं मुंडकं उडालं. मी आले तेव्हा डुक्कर नव्हतं. २००५ मध्ये नवं बसवलं, तेव्हा म्हातारी नव्हती. मी एकटीच गेले आणि नाकावर हात फिरवून आले. आपला वराह अवतारच म्हण.

मधली काही वर्षं बागेची फार आबाळ झाली. मोडकी बाकं, काचा, संध्याकाळी जायची भीती. मग दुरुस्ती झाली. आता बाकांवर पंजाबी आजोबा पत्ते खेळतात, स्लोव्हाक आया बाबागाड्या ढकलतात, आणि पोरं अजूनही कॉन्कर वेचतात. कमानीवर स्ट्रटचा पुतळा आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

सभेत १८८२ सांग, पण अध्यक्षांनी आधीची ४२ वर्षं काढली तर गडबडू नकोस. तुझे सकाळचे फिरणारे पास काढतीलही. दुपारी सावलीला येऊन टेकणारी भाजीवाली काढणार नाही, आणि सह्यांच्या कागदावर तिचं नाव नसणार. आधी तिचा अंगठा घे. माळ्याच्या पगाराचा आकडाही विचारून ठेव, नाहीतर ते तेच पुढे करतील.

भाचा दिवाळीला येतोय, त्याच्याबरोबर सहा कॉन्कर पाठवतेय. खायचे नाहीत, विषारी असतात. टरफल काढून किसून घे आणि आधी जुन्या फडक्यावर बघ. गुडघ्याचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस.

तुझी,
शैला