झेरॉक्सच्या दुकानातला शोधप्रकल्प

महोदय,

माझ्या पुतणीला समाजशास्त्राचा शोधप्रकल्प करायचा होता. विषय कसा आखायचा, संदर्भ कुठे शोधायचे, हे महाविद्यालयात कोणी सांगितले नाही. मैत्रिणींनी मात्र झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता दिला. तिथे प्रकल्प तयार मिळतो, स्पायरल बाइंडिंगसकट!

वाट दाखवली ती ओळखीतल्या एका निवृत्त ग्रंथपालांनी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचे ‘शोधगंगा’ हे पीएच.डी. प्रबंधांचे संकेतस्थळ उघडून ते म्हणाले, “तुझ्या विषयाचे तीन प्रबंध काढ आणि आधी फक्त संदर्भसूच्या वाच. जी नावे तिन्हींत येतील, तिथून सुरुवात कर.” संध्याकाळपर्यंत पोरीने भलामोठा विषय छाटून एका गावापुरता आणला होता. हे मला त्या वयात कोणी सांगितले असते तर!

शोधगंगा सर्वांना मोफत आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो संशोधन नियतकालिकेही खुली झाली आहेत. पण ती उघडून दाखवायला माणूस हवा ना? पुतणीच्या महाविद्यालयात ग्रंथपालाचे पदच रिक्त आहे. प्रकल्प सक्तीचा करणाऱ्यांनी आधी ते भरावे.

– एक पालक, कराड