काकूंच्या नावाचं बाक

दादर, मुंबई

प्रिय विजू,

तुझा मेसेज मिळाला. फोनवर अंगठ्याने एवढं लांबण लावणं मला जमत नाही, म्हणून सरळ वही घेऊन बसलोय. फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर वहिनींना वाचायला दे, त्यांनी माझ्याहून वाईट अक्षराचे पेपर तपासलेत.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बाकावर तुझ्या आईच्या, आमच्या काकूंच्या नावाची पट्टी लावायची आणि त्याला दहा हजार डॉलर. आकडा वाचून आधी मी चष्मा पुसला. एवढ्या पैशात गावाकडे शाळेची खोली उभी राहील, हे मनात आलंच. खोटं कशाला बोलू? पण मग दोन दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं, आणि परवा फोर्टात काम होतं म्हणून मुद्दाम मिंट रोडवरून चक्कर मारली.

मुळजी जेठाचं कारंजं आठवतं का? माझे बाबा जीपीओत, म्हणजे मोठ्या पोस्टात होते तेव्हा शनिवारी आपण दोघं त्यांना न्यायला जायचो. ते आपल्याला तिथे उभं करून वरचा पुस्तक वाचणारा मुलगा दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, दगडाचा आहे तरी अभ्यास करतो." तो मुलगा कोण, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. कापसाचे व्यापारी रतनसी मुळजी यांचा एकुलता एक मुलगा धरमसी १८८९ साली पंधराव्या वर्षी गेला. त्याच्या आठवणीत बापाने हे कारंजं, म्हणजे खरं तर पाणपोई, बांधली. आराखडा आपल्या व्हीटी स्टेशनवाल्या स्टीव्हन्सचा. मध्यंतरी डागडुजी झाल्यामुळे आता छान दिसते. मी बराच वेळ मान वर करून पाहत होतो. हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडला तेव्हा भानावर आलो.

त्या काळच्या मुंबईत दुःख झालं की लोक पाणी द्यायचे रे. कोणी आईच्या नावाने, कोणी मुलाच्या. बैलगाड्यांचं शहर ते, म्हणून कितीतरी पाणपोयांना खाली जनावरांसाठी दगडी डोण असायची आणि वर माणसांसाठी साखळीला बांधलेला पेला. कावसजी जहांगीर रेडीमनींनी तर म्हणे शहरभर चाळीस पाणपोया दिल्या. चर्चगेटजवळची भिका बेहरामची विहीर त्याहून जुनी, १७२५ ची. भाट बाजारात केशवजी नायकांनी १८७६ साली पाणपोईच्या डोक्यावर घड्याळही बसवलं. पाणी प्या आणि वेळेवर कामाला लागा, असा पक्का व्यापारी हिशोब!

सगळेच काही पाण्यावर थांबले नाहीत. प्रेमचंद रायचंदांनी दोन लाख रुपये दिले आणि विद्यापीठाच्या मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव लावलं. पण मला विचारशील तर सगळ्यात मोठं मन लेडी जमशेटजींचं. माहीमच्या खाडीवरच्या रस्त्यासाठी बाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. १८४५ साली रस्ता खुला झाला आणि अट एकच, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. आज सी-लिंकवर टोल भरताना मला त्या बाईंची हटकून आठवण येते.

आता मूळ मुद्दा. या लोकांनी दगड दिला, कोरीवकाम दिलं, पण उद्या नळ बिघडला तर दुरुस्त कोण करणार, याची सोय फार थोड्यांनी करून ठेवली. घरोघरी नळ आले, बैलगाड्या गेल्या, नंतर बाटल्या आल्या. पाणपोया कोरड्या पडल्या, काहींना पानाच्या टपऱ्या टेकल्या. तुझ्या त्या पार्कवाल्यांनी मात्र १९८६ पासून हीच गोष्ट ओळखलेली दिसते. बाकाचे पैसे घ्यायचे आणि त्यातून बाकांची, आजूबाजूच्या हिरवळीची निगा राखायची. म्हणजे तू पट्टीचे नाही, रंगाचे, खिळ्यांचे आणि माळ्याच्या पगाराचे पैसे देतोयस. हे लक्षात आल्यावर माझा विरोध मावळला. दे.

फक्त एक कर. पट्टीवर जन्म-मृत्यूच्या तारखा आणि "प्रेमळ आई" वगैरे नको. काकूंना कुणी "प्रेमळ" म्हटलं असतं तर त्यांनी लाटणं दाखवलं असतं. दारात कोणी आलं की त्या "बसा हो, चहा टाकते" म्हणायच्या. त्यातलं "बसा हो" तेवढं लिही, खाली नाव. मराठी अक्षरं चालत नसतील तर रोमनमध्ये लिही.

जाता जाता आमच्याकडची गंमत सांगतो. बाबा गेल्यावर आम्ही कॉलनीच्या बागेत सिमेंटचं बाक दिलं होतं, पाठीला संगमरवरी पाटी, "कै." सकट. गेल्या वर्षी बागेचं सुशोभीकरण निघालं, बाक गेलं आणि त्या जागी लोखंडी बाकं आली. प्रत्येकावर "यांच्या निधीतून, यांच्या प्रयत्नाने" आणि हात जोडलेला फोटो. मी अर्ज दिला, तीन चकरा मारल्या. प्रत्येक टेबलावर "पाटी? कसली पाटी?" चौथ्यांदा जायच्या आधी सहज बागेच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "ती होय? ठेवलीय की." त्याच्या केबिनबाहेर तिवईवर माठ असतो. मॉर्निंग वॉकवाले, शाळेची पोरं, कुरिअरवाले सगळे तिथलं पाणी पितात. तिवईचा एक पाय आखूड, म्हणून माठ डुगडुगायचा. त्याने पायाखाली पाटी सारली होती. अक्षरं वर, पुसून स्वच्छ केलेली.

"काढून देऊ का, साहेब?" त्याने विचारलं.

मी दोन पेले पाणी प्यालो आणि राहू दे म्हटलं. पेला प्लास्टिकचा होता, कड तुटलेला. दुसऱ्या दिवशी स्टीलचा नेऊन दिला, साखळीसकट.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या