विषय: सेल सॉर्टर नादुरुस्त असताना तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद केल्याबद्दल

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच आटोपला, म्हणून लेखी देते आहे.

रक्तातल्या पेशी प्रकारानुसार वेगळ्या करणाऱ्या या सॉर्टरमधली द्रवाची धार तिरकी होते. लेसर पेशी ओळखतो, पडद्यावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा पुंजका स्पष्ट दिसतो, पण पेशी नेणारे विद्युतभारित थेंब नळीत पडण्याऐवजी काठावर उडतात. नोझल बदललं, शीथचा (पेशी वाहून नेणाऱ्या द्रवाचा) फिल्टर बदलला, ड्रॉप डिले (थेंबाला भार देण्याची वेळ) नव्याने लावला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. वेगळ्या केलेल्या पेशी परत तपासल्या तर त्यांत लिम्फोसाइट, म्हणजे दुसऱ्याच पांढऱ्या पेशी, निघतात. लॉग फाइल तुमच्याकडे आहेत.

तुमचा माणूस म्हणतो, “मॅडम, काउंट येतोय ना? मग मशीन चालू आहे.” मी म्हटलं, मोजणी होते, पेशी वेगळ्या होत नाहीत. “पण काउंट येतोय ना?” येतो. “मग तिकीट क्लोज करतो. सॉर्टिंगसाठी नवीन टाका, इंजिनिअरचं पुढच्या आठवड्यात बघू.” आणि आज काढलेलं रक्त? “फ्रीजरमध्ये ठेवा.” न्यूट्रोफिल गोठवले की मरतात, ताजे असतानाच काही तासांत वापरावे लागतात, हे मी सांगत होते तेवढ्यात फोन कट. लगेच मेसेज: तक्रार निवारण झाली, रेटिंग द्या. सॉर्टर विकणाऱ्यांनी हे बोलावं?

हे रक्त सिकलसेलच्या रुग्णांचं आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडून रात्रीच्या एसटीने नागपूरला आलेली माणसं, हिमोग्लोबिन आधीच कमी, तरी हात पुढे करतात. या आजारात तांबड्या पेशींसोबत न्यूट्रोफिलही रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात आणि रक्ताची वाट अडते. हायड्रॉक्सियुरियाने न्यूट्रोफिलची संख्या घटते, हा त्या औषधाच्या गुणाचा एक भाग. उरलेल्या पेशींचा चिकटपणाही कमी होतो का, हे आम्हाला तपासायचं आहे. त्यासाठी त्या जिवंत आणि शुद्ध मिळायला हव्यात. नुसत्या मोजायच्या असत्या तर सॉर्टर कशाला घेतला असता?

खरेदी समितीत तुमच्या मशीनसाठी मीच भांडले होते. आज त्याच समितीला या पत्राची प्रत जाते आहे. देखभाल कराराचा पुढचा हप्ता थांबवावा, अशी शिफारस सोबत आहे.

तक्रार आजच पुन्हा उघडा. काउंट येतो हे उत्तर परत नको. धार ओळखणारा इंजिनिअर पाठवा. त्याने आमच्याच नमुन्यातले न्यूट्रोफिल वेगळे करून, शुद्धता आमच्यासमोर तपासून दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही.

प्रयोगशाळा प्रमुख,
नागपूर