मोजे काढ आधी

आर्वीजवळून,
२१ मे

प्रिय मास्तरणी,

अकरा महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम हे जाडजूड पाकीट बघून आधी तुझ्या पोटात गोळा येईल, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला माझ्या घरातली जळमटं स्वच्छ दिसतात. माझी कंबर तशीच. झालं तब्येतीचं.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं. तर तुझ्या नावाखाली शेवटचा मेसेज माझाच, 'बरं.', तोही पूर्णविरामासकट. त्याच्याखाली हे कसं टाकू? म्हणून कागद आणला. तीन दुकानं फिरले, शेवटी शाळेची वही फाडली.

आपल्या आबाजींना लकवा झाला. डिसेंबरात, तूर सोंगायच्या दिवसांत. उजवी बाजू. तुला कळवलं नाही हा माझा पहिला गुन्हा, दुसरा पुढे आहे. आता बरे आहेत, बोलणं थोडं जड आहे पण चालू आहे, आणि तुझी आठवण 'थे बुटकी मॅडम' अशीच काढतात. मी आमच्या फिजिओ सेंटरमधून आठवड्यातून एकदा स्कूटीने त्यांच्याकडे जाते. त्याच ओट्यावर बसते जिथे आपण पोस्टिंगच्या वेळी हुरडा खाऊन रात्रभर पोट धरून बसलो होतो.

तुला आकडे सांगते, म्हणजे मी किती फुगले होते ते कळेल. अंगणात गेरूने तीन मीटरची रेघ मारून ठेवलीय. खुर्चीतून उठा, रेघेपर्यंत जा, वळा, परत या, बसा. जानेवारीत ५२ सेकंद. मार्चमध्ये ३४. बार्थेल, म्हणजे रोजची कामं माणूस स्वतः किती करतो त्याचे शंभरपैकी गुण, ४० वरून ८०. पायऱ्या घरात नाहीतच, म्हणून मारोतीच्या देवळाच्या चार पायऱ्या चढवून घेतल्या आणि पूर्ण १० दिले. सगळा गाव बघायला उभा. आबाजींनी वर पोचल्यावर घंटा वाजवली, मी खाली उभी राहून रडले. हस खुशाल.

चालताना घोटा खाली पडायचा, अंगठा जमिनीला घासायचा, म्हणून कंबरेतून पाय गोल फेकत चालायचे. आवाज यायचा घस्स, टक, घस्स, टक. टक काठीची. मग पांढऱ्या प्लास्टिकची स्प्लिंट आली आणि घस्स बंद झालं. २ मेला वेळ मोजली तर २७. मला वाटलं, टाच आत नीट बसत नाहीये, वर सरकतेय. घोट्यावरचा पट्टा अंगठाभर पुढे ओढून घट्ट केला. पुन्हा मोजलं. २१! दहा मीटर १८ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर आणि वर थोडं. ०.४ च्या आत माणूस घरातल्या घरात, ०.८ च्या पुढे गावभर, हे तूच घोकायचीस ना? तर आबाजी घराबाहेर पडले होते. मी त्यांच्या सुनेला, वैनींना बजावलं, पट्टा इथंच ठेवायचा, ढिला करायचा नाही.

९ मेला पुन्हा गेले. पंचेचाळीस डिग्री, स्कूटीच्या सीटवर पोळी भाजावी अशी. अजून तीन घरं बाकी. आबाजी स्प्लिंट घालून तयार बसलेले, खालून मोजा नाही, 'गर्मी होते जी' म्हणून. चालवलं, मोजलं, २१ च. रजिस्टरात रकाना आहे, त्वचा. लिहिलं, 'ठीक'. स्प्लिंट काढली नाही. आता हे लिहिताना तुझा चेहरा दिसतोय.

१३ मेला चालवताना एक माशी सारखी स्प्लिंटच्या काठावर बसत होती. बाहेरच्या घोट्यापाशी. मी स्टॉपवॉच एका हातात धरून दुसऱ्याने तिला तीनदा हाकललं. तीनदा, मास्तरणी! चौथ्यांदा ती बसली तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. पट्टे सोडले. एक रुपयाच्या नाण्याएवढं काळं, चकचकीत, आणि मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढं ओलं. वास. आबाजी म्हणतात, "मले काई दुखत नाई." दुखेल कसं? मार्चमध्ये मीच तो दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवून पाहिला होता, त्यांना चार जागी कळलाच नव्हता. साखर आठ वर्षांची. तेही माझ्याच अक्षरात त्याच रजिस्टरात आहे, दोन पानं मागे.

वैनी मागे उभ्या होत्या. त्यांचं वाक्य अजून कानातून जात नाहीये. "तुमीच त म्हनलं होतं ना मॅडम, पट्टा ढिल्ला करू नोका. म्या हातई नाई लावला."

त्या भांडत नव्हत्या गं. त्या घाबरल्या होत्या, की त्यांचं काही चुकलं का.

आता तू म्हणशील, मी सांगितलं होतं. हो, सांगितलं होतंस. इंटर्नशिपला प्रत्येक पेशंटचे मोजे काढायचीस, चादर वर करायचीस, पाठ उलटी करून माकडहाड बघायचीस, आणि मी सरांसमोर म्हणाले होते की हिला फिजिओ नाही, चपलांच्या दुकानात ठेवा. सगळे हसले. तू नाही हसलीस. बारा नंबरच्या बाईंच्या पाठीवर खड्डा सापडला तेव्हा सिस्टरने तुलाच झापलं, आणि मी गप्प बसले. आणि गेल्या जूनमध्ये फोनवर तू म्हणालीस की मला पेशंटपेक्षा स्टॉपवॉच जास्त आवडतं, म्हणून मी फोन आपटला. (मोबाइल आपटल्याने काच फुटते, हे तेव्हा कळलं. अठराशे रुपये. ते तुझ्या नावावर आहेत.)

पण एक सांग, खरं सांग. ९ तारखेला मी स्प्लिंट काढली असती तरी मला दिसलं असतं का? आपल्या पुस्तकातल्या सगळ्या टाचा गोऱ्या. त्यावर लाल डाग, कुंकू लावल्यासारखा. दाबा, पांढरं पडलं तर बरं, नाही पडलं तर दाबाच्या जखमेचा पहिला टप्पा. आबाजींचा घोटा काळ्या रानाच्या मातीच्या रंगाचा. तिथे लाल काय दिसणार आणि पांढरं काय पडणार? जांभळट झाक, ताणलेलं चामडं, बोटाखाली कडक नाहीतर पिठासारखं मऊ, आणि हाताला ऊन लागणं, यावरच ओळखायचं. आता ऊन लागणं मे महिन्यात! माझा हात गरम, खुर्ची गरम, आबाजी अख्खे गरम. शेवटी दोन्ही घोट्यांना एकाच वेळी हाताची उलटी बाजू लावली. उजवा जास्त गरम होता. इतकं साधं. म्हणजे ९ ला हात लावला असता तर कळलं असतं. स्वतःच प्रश्न विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं, सवय जुनी आहे.

रात्री ब्रेडन, म्हणजे दाबाच्या जखमेच्या धोक्याचं माप, मांडून पाहिलं, त्या दिवसाच्या स्थितीवर. १९ आले. १८ किंवा खाली असले तर धोका. म्हणजे कागदावर आबाजी सुरक्षित! चालतात, अन्न जातं, कूस बदलतात, मग धोका कशाचा? पायाला बांधलेल्या प्लास्टिकला त्यात खातंच नाही. मला क्षणभर बरं वाटलं, की चला, चूक मापाची. मग लाज वाटली.

दत्तपूरच्या कुष्ठधामाची सहल आठवते? तू बसमध्ये गाइडसारखी सुरू, १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी, वगैरे, आणि मी तुझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपलेली. पण ते म्हातारे बाबा मला जागेपणी आठवतात. रोज संध्याकाळी पाय साध्या पाण्यात भिजवायचे, ओले असतानाच तेल चोपडायचं, आणि मग दिव्याजवळ पाय मांडीवर घेऊन बोटाबोटाने बघायचं. पायाला कळत नाही तर डोळ्याने कळून घ्यायचं म्हणाले होते. त्यांनी हे आपल्याला शिकवलं, आणि पदवी मात्र मला मिळाली.

बरं, बार्थेलचंही ऐक, तेही फुटलं. त्या दिवशी खाली बसून वैनींशी नीट बोलले, पहिल्यांदाच. आंघोळ कोण घालतं? "मीच घालतो जी." धोतर? "मीच." संडासला? सरकारी संडासात कुटार भरलेलं आहे, म्हणून परसात नेतात, हात धरून. मी म्हटलं, पण सेंटरला तर ते सगळं स्वतः करून दाखवतात! म्हणाल्या, करतात ना, पण घरी सासरा ओट्यावर बसून एका हाताने धोतर नेसत असला की जाणारे-येणारे माझ्याकडे बघतात. म्हणजे आबाजींना येतं, पण ते करत नाहीत. आणि १९६५ पासून त्या मापात लिहून ठेवलंय की माणूस काय करू शकतो ते नाही, काय करतो ते लिहा. तू तोंडी परीक्षेत हेच सांगून पैकीच्या पैकी घेतले होतेस. मी पुन्हा मांडले. आंघोळीचे ५ गेले, कपड्यांचे ५, संडासचे ५. ८० चे ६५.

आता खरी पंचाईत. स्प्लिंट काढली. पायाची नाडी लागते, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी जखम तपासली, हाडापर्यंत नाही, ड्रेसिंग एक दिवसाआड, साखर २४० होती, औषध वाढवलं. हे सगळं ठीक. पण स्प्लिंटशिवाय घस्स परत आलं. शेणाने सारवलेला उंबरठा, कडेला वखर, अंधारात बकरी. ते पडतील. खुबा मोडला तर संपलं. आणि स्प्लिंट घातली तर जखम खोल जाणार. घालू की काढू?

तर मी काय केलं, हसू नकोस. सायकलची जुनी ट्यूब. गुडघ्याखाली रुंद कापडी पट्टा, तिथून ट्यूबची पट्टी खाली चपलेच्या पुढच्या टोकाला. पाऊल वर ओढलं जातं आणि घोट्याला काहीच लागत नाही. दत्तपूरला असंच काहीतरी बघितलं होतं, बहुतेक जागी असताना. पिंडरीवरचा पट्टा दर दोन तासांनी सोडून बघायचा. वैनींना हात धरून दाखवलं, दोन्ही घोट्यांना एकदम हात लावायचा, आरसा खाली धरून टाच बघायची. नातू आता रोज मोबाइलचा टॉर्च मारतो, त्याला ते 'पायाचा सीआयडी' वाटतं.

ट्यूबवर वेळ मोजली. २९ सेकंद. आबाजींचं तोंड उतरलं. "चालनं त सुधरलं होतं न जी. घोट्याचं काय घेऊन बसल्या?" त्यांना पोळ्याला बैलजोडी स्वतः न्यायची आहे. "पोयाले जोडी मीच नेईन, पाहाजा तुमी." पोळा श्रावण अमावस्येला, हातात जेमतेम तीन महिने. तोवर जखम भरेल, चामडं मजबूत होईल, स्प्लिंट घोट्यापाशी गरम करून बाहेर फुगवून आणता येईल, असं मी मनात मांडते. मग रात्री उठून पुन्हा मांडते.

आणि आमच्या सेंटरचे सर. त्यांना पुढच्या महिन्यात देणगीदारांसमोर आबाजींची केस दाखवायची आहे. ५२ चे २१, ४० चे ८०, देवळाची घंटा. मी म्हटलं, सर, २१ घट्ट पट्ट्याचे होते आणि ८० चे ६५ झालेत. म्हणाले, जखम ही वेगळी गोष्ट आहे, ती वेगळ्या स्लाइडवर घेऊ. मला त्यांच्यावर चिडताही येत नाही, कारण इतके महिने मीही त्याला वेगळ्या रकान्यातच ठेवलं होतं. रजिस्टरात ९ मेच्या 'ठीक' वर मी रेघ मारलेली नाही. खाली आजच्या तारखेने लिहिलंय, त्या दिवशी स्प्लिंट काढून पाहिली नव्हती. सही. सर अजून ते पान उघडून बघत नाहीत. बघतील तेव्हा बघतील. पण तू सांग, घरच्यांना एवढं स्पष्ट सांगू का, की हे माझ्यामुळे झालं? वैनींना सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही. 'माझं चुकलं' हे त्याच्या पुढचं वाक्य होतं, ते बाहेर आलं नाही. मंगळवारी पुन्हा जायचंय.

तुझं काय? नवीन फ्लॅटला लिफ्ट आहे म्हणे, मग तुझे पेशंट पायऱ्या कुठे चढतात? छोटीचे दात पडले असतील. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर तू त्यांचे मोजे काढून टाच बघितलीच असशील, बिचाऱ्या. नवऱ्याला नमस्कार, त्याचं लोणचं अजून माझ्याकडे आहे, बुरशी आली.

वैनींनी तुझ्यासाठी सांडया आणि कुरडया दिल्यात, चुरा होऊ नये म्हणून पाठवत नाहीये. पोळ्याला ये आणि घेऊन जा. नाही येता आलं तरी फोन उचल, मी आधी करणार आहे.

तुझी,
धांदल

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी आबाजींकडे जाऊन आले. ड्रेसिंग कोरडं, वास नाही. वेळ आज २८ सेकंद. ट्यूब मी मुद्दामच ढिली ठेवलीय.